'क्वीन मेरी' बघायला जावं का? जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगा

आई-बाबा जूनमध्ये डोंबिवलीहून लॉस एंजेलिसला येताहेत. बाबा माझगाव डॉकमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. लाँग बीचला 1967 पासून धक्क्याला कायमची लागलेली 'क्वीन मेरी' ही जुनी प्रवासी बोट त्यांना दाखवावी असं फार वाटतंय. पण आईचे गुडघे दुखतात. तिकीट, पार्किंग, सगळा दिवस... जावं का?

*

आम्ही दोन तासांत आटोपलं. डेकवर फिरलो, फोटो काढले, परतलो. खाली इंजिनरूम आहे हे घरी आल्यावर कळलं. त्याची अजून चुटपुट आहे.

*

ताई, मी मरीन इंजिनिअर होतो. वडील डॉकमधले असतील तर विचारच करू नका. मात्र आधी सांगून ठेवा, बॉयलर आता नाहीत. जहाजाचं हॉटेल करताना काढून टाकले. त्या रिकाम्या जागेशी मला अक्षरशः गलबलून आलं. मागची इंजिनरूम मात्र जागेवर आहे: टर्बाइन, गिअर, वाफेच्या झडपांची मोठाली चाकं. जहाजाच्या कडेला बाहेरून एक पेटी बसवली आहे, तिच्यात वाकून बघितलं की पाण्याखाली खराखुरा प्रोपेलर दिसतो. आणि पत्रे रिव्हेटनं, म्हणजे ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांनी, जोडलेले आहेत. 1930 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कामगारांनी ते ठोकले. बाबांना तिथे घाई करू नका.

*

मुलगा बारा वर्षांचा, त्याला भुताच्या गोष्टींचं आकर्षण होतं. माझ्या मते तिथल्या भुतांच्या टूरपेक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या काळाची माहिती ऐकावी. जहाजाला करडा रंग दिला होता. जुलै 1943 मध्ये एकाच फेरीत 16,683 माणसं नेली. ऑक्टोबर 1942 मध्ये सोबतच्या 'क्युराकोआ' या युद्धनौकेला याच जहाजाची धडक बसली, ती दुभंगली, तिच्यावरचे तीनशेहून अधिक खलाशी गेले. पाणबुड्यांच्या भीतीनं थांबायची मनाई होती, म्हणून हे जहाज पुढे निघून गेलं. मुलगा परतीच्या वाटेवर गाडीत विचारत होता, "कप्तानानं काय करायला हवं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

*

गुडघ्यांबद्दल: डेकवर जायला लिफ्ट आहे, खाली इंजिनरूमकडे लोखंडी जिने आहेत. माझ्या सासूबाई पुढच्या टोकाच्या गोलाकार बारमध्ये बसल्या, सरबत घेतलं. लाकडी नक्षीकाम, समोर बंदर. आम्ही वर आलो तेव्हा त्यांनाच उठायचं नव्हतं. आईंना तिथे बसवा, काळजी करू नका.

*

सगळ्यांचे आभार. तिकिटं काढतेय. काका, तुमचं लिहिलेलं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "टर्बाइन कुणाच्या, विचार."

*

पार्सन्सच्या. चार संच, प्रत्येक प्रोपेलरला एक. त्यांना माझा नमस्कार सांगा.