‘तार्त्युफ’चा शेवटचा प्रवेश ठेवावा की कापावा?

तिसरी_घंटा: सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मोलिएर, त्याचं हे नाटक करताना शेवटचा प्रवेश कापावा. ऑर्गों हा पैसेवाला गृहस्थ तार्त्युफ नावाच्या एका भोंदू धर्मात्म्याला घरात घेतो, इस्टेट त्याच्या नावावर करतो, बेलिफ दारात येतो. आणि ऐनवेळी राजाचा अधिकारी भोंदूलाच पकडतो. ही सरळ खुशामत. १२ मे १६६४ ला व्हर्सायला प्रयोग झाला आणि बंदी आली. १६६७ मध्ये नाव बदलून केला, दुसऱ्याच दिवशी बंद. परवानगी मिळाली ५ फेब्रुवारी १६६९ ला. परवानगीसाठी मोलिएरला राजाची, चौदाव्या लुईची, गरज होती, आपल्याला कुठे आहे? बेलिफ आला की पडदा.

विंगेतून: तिथे पडदा पाडलात तर प्रेक्षक ‘अरेरे, बिचारा फसला’ म्हणत घरी जाईल. पाचव्या अंकाचा पहिलाच प्रवेश पुन्हा वाचा. परागंदा मित्राच्या गुप्त कागदांची पेटी ऑर्गोंनं तार्त्युफकडे का दिली? उद्या चौकशी झाली तर ‘माझ्याकडे नाही’ अशी खोटी शपथ मनाला न बोचता घेता यावी म्हणून! म्हणजे ढोंग बाहेरून आलेलंच नाही, घरच्या मालकाचंच आहे. दोन तासांत बसवायचं म्हणून नेमक्या याच ओळी उडवतात, आणि मग शेवट गोडगोड लागतो. त्या ठेवा. ते कागद लपवल्याबद्दल राजा ऑर्गोंला माफ करतो ते पूर्वीच्या बंडात तो राजाच्या बाजूनं होता म्हणून. याला न्याय म्हणायचं की वशिला?

पिटातला: दोघंही पाचव्या अंकात अडकलात. नाटक पडतं ते चौथ्यात, टेबलाच्या प्रवेशात. तार्त्युफ आपल्यावर डोळा ठेवून आहे हे दाखवायला बायको एल्मीरनं नवऱ्याला टेबलाखाली लपवलंय, ती खोकून खोकून इशारे देतेय, आणि हा शंभरावर ओळी बाहेर येत नाही. तार्त्युफ ‘याला नाकाला धरून कुठेही न्यावं’ म्हणतो, त्यानंतर बाहेर. बायकोची अब्रू चालली तरी ढिम्म, स्वतःचा अपमान झाल्यावर जाग! टेबलक्लॉथ प्रेक्षकांकडून जमिनीला टेकलेला हवा, मागून मोकळा. नाहीतर नटाला खोकल्याचा क्यू ऐकू येत नाही. खोकल्यागणिक कापड हलवून हशा काढणारे दिग्दर्शक आहेत, त्यांना हात जोडून विनंती: कापड स्थिर ठेवा. गंमत तो गप्प बसतो यात आहे.

आणि तार्त्युफची पहिली एन्ट्री, तिसऱ्या अंकातली. आधी त्याला मोलकरीण दोरीन दिसली पाहिजे, *मग* नोकराला मोठ्यानं ‘माझा चाबूक नि केसाळ सदरा नीट ठेव’ (ही देहदंडाची साधनं). नट विंगेतूनच डोळे मिटून, हात जोडून आला की संपलं; तो पहिल्या मिनिटाला लुच्चा दिसतो आणि ऑर्गों नुसता बावळट.

तिसरी_घंटा: पेटीच्या ओळी ठेवायला माझी ना नाही. पण अधिकाऱ्याचं ते चाळीसेक ओळींचं राजस्तुतीचं भाषण आजच्या प्रेक्षकाला कोण ऐकवणार? तिथे मोबाइल निघतात.

विंगेतून: निम्मं करा, पण माफीचं कारण सांगणारी ओळ सोडू नका. अधिकारी बोलत असताना प्रकाश ऑर्गोंच्या चेहऱ्यावर ठेवा. मघाशी जमीनदोस्त झालेला माणूस ‘आपली वरपर्यंत ओळख आहे’ हे कळल्यावर कसा ताठ होतो, ते दिसू द्या.

पिटातला: ताठ होऊन तो पहिल्यांदा करतो काय, तर बेड्या पडलेल्या तार्त्युफला शिव्या घालायला लागतो. मेहुण्याला त्याला आवरावं लागतं. हे संहितेतच आहे, वेगळं बसवायची गरज नाही.