जीसीएस कमी आहे म्हणून ट्यूब ठेवायची? मला पटत नाही

रात्रपाळीवाला:
डोक्याला मार लागलेल्या, श्वासासाठी व्हेंटिलेटरची ट्यूब घशातून टाकलेल्या पेशंटबद्दल बोलतोय. जीसीएस म्हणजे डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांवरून शुद्ध मोजायचा स्कोअर. मेंदूची सूज उतरलीय, डोक्यातलं प्रेशर नॉर्मल आहे, ऑक्सिजन कमी लागतोय, व्हेंटिलेटरचा आधार कमी करून बघायच्या ट्रायलवर स्वतःचा श्वास नीट घेतोय आणि तरी राउंडला ठरलेलं वाक्य, "जीसीएस आठच आहे, राहू दे ट्यूब." का राहू दे? आठच्या आत असेल तर ट्यूब टाका हे सुरुवातीच्या तासांसाठी आहे, ते काढताना उलटं लावायला कोणी सांगितलं? आणि ट्यूब असताना बोलण्याचे मार्क मिळतच नाहीत, मग त्या आकड्यावर एवढा भरवसा कसला! २००० साली कॉप्लिन यांच्या टीमने ब्रेन इन्जुरीच्या १३६ पेशंटचा अभ्यास केला होता. काढण्यालायक होऊनही ज्यांची ट्यूब ठेवली त्यांना न्यूमोनिया जास्त झाला आणि आयसीयूतला मुक्कामही लांबला.

सावध_पाऊल:
तो अभ्यास ऑब्झर्व्हेशनल होता रे, म्हणजे जे झालं ते नुसतं नोंदवलेलं, कोणाची ट्यूब ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्यांची ठेवली ते मुळातच जास्त आजारी असतील, असं कोणीही म्हणू शकतं. आता दुसरी बाजू बघ. ट्यूब काढली, पेशंट हळूहळू थकतो, श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि तो चढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणजे महत्प्रयासाने खाली आणलेलं प्रेशर परत वर. वर घाईघाईत पुन्हा ट्यूब टाकायची, त्यात बीपी पडलं, ऑक्सिजन पडला तर जखमी मेंदूला दुसरा फटका. ब्रेन इन्जुरीत साधारण पाचातल्या एकाची ट्यूब परत टाकावी लागते, हे मोठ्या अभ्यासांतही दिसलंय. पाचात एक हा जुगार मी डोळे मिटून खेळणार नाही.

रात्रपाळीवाला:
डोळे मिटून कोण म्हणतंय? उरलेल्या चौघांचं काय, एवढंच विचारतोय. त्यांनी उगाच ट्यूब, उगाच सिडेशन म्हणजे गुंगीचं औषध, उगाच जंतू सहन करायचे?

आयसीयूतली_सिस्टर:
तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, आम्हाला बेडपाशी उभं राहून जे दिसतं ते विचारा की. सक्शन कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची नळी, आत गेल्यावर दणकून खोकतो का नुसतं तोंड वाकडं करतो, कफ पातळ आहे का चिकट, दर तासाला सक्शन लागतंय का चार तासांनी, लाळ गिळतो का उशीवर ओघळते. डोळे मिटलेला पण खणखणीत खोकणारा मी निभावून नेते, टकमक बघणारा पण लाळ न गिळणारा पेशंट मला जास्त घाबरवतो.

सावध_पाऊल:
सिस्टर, हे शंभर टक्के मान्य. ट्यूब काढणं जमेल का हे सांगणाऱ्या २०१७ च्या व्हिसाज स्कोअरमध्येही तेच आहे, नजरेने पाठलाग करतो का, गिळायचा प्रयत्न करतो का, वय चाळिशीच्या आत का, जीसीएस दहाच्या वर का. चारपैकी तीन जुळले तर यशाची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास. पण बघ, जीसीएस त्यातही आहेच, फेकून नाही दिलेला!

रात्रपाळीवाला:
आहे, पण चारातला एक. आपल्याकडे तो एकटाच निकाल देतो, माझं भांडण तिथेच आहे.

एक_नातेवाईक:
मधेच बोलतो, माफ करा. ट्यूब काढायची म्हटलं की आम्हाला वाटतं डॉक्टरांनी हात टेकले. कोणी समजावून सांगतच नाही.

आयसीयूतली_सिस्टर:
नाही हो, इथे पेशंट स्वतःचा श्वास घेतोय म्हणून काढायची चर्चा आहे. उपचार थांबवणं वेगळं, त्याचं बोलणं वेगळं बसून होतं. आणि ते तुम्हाला आधीच सांगायला हवं, बरोबर आहे तुमचं.

सावध_पाऊल:
मग ज्यांचा खोकलाच नाही त्यांची सरळ ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी) करा ना लवकर, ट्यूब ठेवू का काढू हा घोळच नको.

रात्रपाळीवाला:
लवकर करून काय मिळतं? २०२२ चा सेटपॉइंट-२ अभ्यास बघ, गंभीर स्ट्रोकचे पेशंट, एका गटाची पाच दिवसांच्या आत ट्रॅकिओ, दुसऱ्या गटात दहाव्या दिवसापर्यंत थांबले. सहा महिन्यांनी अपंगत्वात म्हणावा असा फरक नाही. आणि थांबलेल्या गटातल्या काहींना ट्रॅकिओ लागलीच नाही.

सावध_पाऊल:
स्ट्रोक वेगळा, ट्रॉमा वेगळा. हे मी तरी एकाच मापाने मोजणार नाही.