सूडपट पाहताना तुम्ही कुठे असता? अनुभव सांगा

आई गेली त्याला आता सहा वर्षं होतील. रस्ता ओलांडताना एका गाडीनं उडवलं आणि गाडी थांबली नाही. नंबर कुणी टिपला नव्हता. तपास काही महिने चालला, मग फाइल बंद झाली.

बाबा तोवर मारामारीचा सिनेमा लागला की उठून आत जाणारे. त्या वर्षापासून ते रोज रात्री सूडपट लावून बसू लागले. एक सिनेमा तर त्यांनी वीसेक वेळा पाहिला असेल. सुरुवातीलाच नायकाच्या बायकोला मारतात, पोलीस हात वर करतात, मग तो तळघरात जाऊन फरशीखाली पुरलेली पेटी काढतो. कुलूप तुटल्याचा आवाज आला की बाबा म्हणायचे, "आता बघ." मी शेजारच्या खोलीत असायचे. ते कुणाला सांगत होते हे मी कधी विचारलं नाही.

म्हणून हा धागा. हिंसा दाखवावी की नाही यावर वाद घालायला दुसऱ्या जागा आहेत. इथे एवढंच लिहा: तुम्ही हे सिनेमे कुठल्या दिवसांत पाहिलेत, कशाला धरून बसलात, कुठे उठून गेलात. कामामुळे कुणाला त्यातलं काही वेगळं दिसत असेल तर तेही. लांबीची काळजी करू नका.

*

ताई, तुमच्या बाबांचं "आता बघ" वाचलं आणि लिहायला बसलो. मी वीस वर्षं ज्युडो शिकवतो. नायकाभोवती आठ जण उभे आणि एकेक जण शिस्तीत पुढे येतो, या दृश्याला लोक हसतात. मला त्यामागची मेहनत दिसते. सरावात दोघांशी एकदम झुंजायची वेळ आली तर आपण सतत सरकत राहतो, एकाला दुसऱ्याच्या आड ठेवतो. समोर एका वेळी एकच माणूस राहील एवढीच धडपड असते. चांगला अ‍ॅक्शन दिग्दर्शक नेमकं हेच बसवतो. वाईट दिग्दर्शक बाकीच्या सात जणांना नुसतं ताटकळत ठेवतो.

२०१४ सालचा 'जॉन विक' आला तेव्हा आमच्या आखाड्यातली सगळी मुलं तो पाहून आली. त्याचे दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की हे 'द मेट्रिक्स'मध्ये कियानू रीव्हजचे स्टंट डबल होते, त्यामुळे शरीर काय करू शकतं हे त्यांना आतून ठाऊक. कॅमेरा लांब ठेवलाय, कट कमी आहेत, नट स्वतः फेकतोय हे दिसतं. एकाला पाडून, त्याचा हात तसाच दाबून धरून तो दुसऱ्याकडे वळतो. ही पकड आम्ही शिकवतो. ज्या सिनेमात दर सेकंदाला कट येतो तिथे बहुतेक वेळा नटाला ते जमत नसतं आणि कात्रीनं सांभाळून घेतलेलं असतं.

दम लागणं मात्र फार थोड्यांनी दाखवलंय. पूर्ण ताकदीनं दोन मिनिटं झुंजलं की हात शिशाचे होतात. २००३च्या कोरियन 'ओल्डबॉय'मध्ये बोळातली मारामारी सलग एकाच शॉटमध्ये आहे. नायक हातोडा घेऊन लढतो, पाठीत सुरा रुतलेला, मध्येच धापा टाकत थांबतो, समोरचेही थांबतात. मी आयुष्यात पडद्यावर पाहिलेली ती सगळ्यात खरी मारामारी. तिथे मला रडू आलं होतं, आणि का ते मी शिष्यांना सांगू शकलो नाही.

*

मी अपघात विभागात परिचारिका आहे. "खांद्यालाच लागलीय, काही नाही" हे वाक्य ऐकलं की माझा जीव वर येतो. कॉलरबोनच्या खालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते, तिच्या शेजारीच हाताच्या नसांचा जुडगा असतो. गोळी तिथे लागली तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. वाचला तरी त्या हातानं पुन्हा पेला धरता येईल याची खात्री नसते. डोक्यात दांडा बसून कुणी तासभर बेशुद्ध पडला आणि मग मान चोळत उठून लढायला निघाला, असंही होत नाही. इतका वेळ शुद्ध हरपली तर आम्ही त्याला धावतपळत स्कॅनला नेतो. आणि आरशासमोर दारू ओतून चिमट्यानं गोळी उपसणं! कितीतरी वेळा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरसुद्धा गोळी आतच राहू देतात, कारण ती शोधताना होणारी इजा जास्त असते.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. एका रात्री भोसकलेल्या मुलाला आणलं. त्याचा मोठा भाऊ बाहेर येरझाऱ्या घालत होता, फोनवर कुणाला तरी गोळा करत होता, "आज सोडत नाही" म्हणत होता. सिनेमात इथून पुढे गाडी सुरू होते. मी बाहेर गेले, धाकट्याचे बूट त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, "हे सांभाळा, तो शुद्धीवर आला की पहिलं हेच मागेल." तो बाकावर बसला. सकाळपर्यंत रुमालानं त्या बुटांवरचा चिखल पुसत होता. मुलगा वाचला. न वाचता तर त्या भावानं काय केलं असतं, हा प्रश्न मला आजही पडतो.

*

मला हिंसा बघवत नाही. पण एका वर्षी ऑफिसात एक वरिष्ठ रोज सगळ्यांसमोर माझा पाणउतारा करत होता, तेव्हा रात्री असे दोन तास पाहिल्याशिवाय मला झोप लागत नव्हती. पडद्यावर कुणीतरी "पुरे" म्हणत होतं. आठ महिन्यांनी मी लेखी तक्रार केली. ते बळ कुठून आलं असं कुणी विचारलं तर मी त्या सिनेमांचंही नाव घेईन, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

*

वकिली करतो. या सिनेमांत न्यायालयाचं दृश्य फार तर तीन मिनिटांचं. आरोपी हसत बाहेर पडतो, कारण "तांत्रिक मुद्दा". तो मुद्दा बहुतेक वेळा असा असतो की कबुली मारहाण करून घेतलेली होती. मी अशा एका निरपराध माणसाची बाजू लढवली आहे, ज्यानं मार थांबावा म्हणून न केलेला गुन्हा कबूल केला होता. म्हणून तो मुद्दा मला तांत्रिक वाटत नाही. बचावाच्या हक्काचंही तसंच आहे. बहुतेक देशांच्या कायद्यात तो धोका समोर असेपर्यंतच असतो. हल्लेखोर पळाला, तुम्ही घरी आलात, पेटी उघडलीत, की तो हक्क संपला.

एक इतिहास मात्र सूडपट आवडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा. हॉलिवूडच्या जुन्या निर्मिती संहितेत चक्क कलम होतं की आधुनिक काळातल्या सूडाचं समर्थन करायचं नाही. १९३४पासून ती कडकपणे राबवली गेली आणि १९६८मध्ये तिची जागा वयोगटाच्या प्रमाणपत्रांनी घेतली. त्यानंतर सहा वर्षांत 'डेथ विश' आला. आपल्याकडे 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. १९७५ साली सेन्सॉरनं तो शेवट बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस आले. मी लहानपणी पोलीस आलेले पाहिले आणि चिडलो होतो. मूळ शेवट पुढे पाहिला तेव्हा मारून झाल्यावर ठाकूर कोसळून रडतो ते दिसलं, आणि कुठला शेवट अधिक कठोर आहे हे मला ठरवता आलं नाही.

*

वरच्या वकीलसाहेबांनी 'डेथ विश'चा उल्लेख केला म्हणून. लोकांच्या आठवणीत तो सिनेमा असा आहे: बायकोला मारलं, मुलीवर अत्याचार झाला, चार्ल्स ब्रॉन्सननं गुंडांना शोधून संपवलं. प्रत्यक्षात त्या पहिल्या सिनेमात त्याला त्याचे गुन्हेगार सापडतच नाहीत. रस्त्यावर जे भेटतात ते दुसरे कुणीतरी, आणि तो त्यांनाच मारत सुटतो. मूळ कादंबरी ब्रायन गारफील्ड यांची, १९७२ची. तिच्यातला नायक हिशेबनीस आहे आणि तो हळूहळू आतून सडत जातो. पडद्यावर त्याचा वीर झालेला पाहून गारफील्ड इतके अस्वस्थ झाले की १९७५मध्ये त्यांनी 'डेथ सेन्टेन्स' ही पुढची कादंबरी लिहिली. ताई, तुमच्या आईला उडवणारी गाडी सापडली नाही हे वाचल्यापासून हा तपशील माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी स्वतः या सिनेमांकडे वळलो तो अश्वत्थाम्यामुळे. आजी गोष्ट सांगायची. बापाला कपटानं मारलं म्हणून पेटलेला मुलगा रात्री शिबिरात शिरतो, झोपलेल्या धृष्टद्युम्नाला मारतो, द्रौपदीची पाचही मुलं कापतो. सूडपटाचा सगळा सांगाडा इथे आहे: अन्याय, रात्र, एकटा माणूस, एकामागून एक दार. आजी मात्र तिथे थांबत नसे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा ती इतका हुबेहूब उभा करायची की रात्री दारावर टकटक झाली की मी पांघरूण ओढून घ्यायचो. आणि भागवतातली द्रौपदी. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून समोर आणतो तेव्हा ती म्हणते, सोडा याला, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. सूडपटात हे वाक्य म्हणणारं माणूस पहिल्या पंधरा मिनिटांतच मारलेलं असतं.

*

मी जन्मतः पाहू शकत नाही, सिनेमा ऐकतो. मोडलेल्या हाडाचा आवाज बऱ्याचदा सेलरीची जुडी पिळून काढतात हे कळल्यापासून मारामारीची भीती गेली. मला सूडपट ओळखू येतो तो शांततेवरून. सुरुवातीला घर फार बोलकं असतं: भांडी, हसू, दाराची कडी, कुत्र्याच्या नखांचा फरशीवरचा आवाज. मग एक गोंधळ होतो आणि पुढचे दीड तास त्यातला एकही आवाज परत येत नाही. बंदुकींपेक्षा मला ते जास्त ऐकू येतं.

*

हे वाचून थांबले. मला याच घरातल्या बाईबद्दल लिहायचं होतं.

नायकाची बायको सकाळच्या उन्हात पांढऱ्या चादरीत हसते, की मी समजते, ही दहा मिनिटांत जाणार. पुढे ती फक्त स्लो मोशनमध्ये परत येते. तिला काम नसतं, मैत्रिणी नसतात, तिचं कुणाशी भांडण झालेलं नसतं. लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ साली कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच इंटरनेटवर मांडली होती. तिला नाव मिळालं ते १९९४च्या 'ग्रीन लँटर्न'मधल्या एका प्रसंगावरून, जिथे नायकाला त्याची प्रेयसी फ्रिजमध्ये मारून ठेवलेली सापडते. 'जॉन विक'मध्ये बायको आजारानं जाते आणि मागे पिल्लू पाठवते, म्हणून तो सिनेमा मला थोडा जवळचा वाटतो. तिनं मरणाआधी काहीतरी ठरवलेलं असतं.

माझी बहीण नवऱ्याच्या हातून गेली. तो तुरुंगात आहे. लोक मला भेटले की त्याच्याबद्दल विचारतात: किती वर्षं झाली, सुटणार का, फाशी का नाही. ती टेबल टेनिस खेळायची, डावखुरी होती, हरली की बॅट फेकायची, हे कुणी विचारत नाही. तिच्यावर सिनेमा काढला तर पहिला दीड तास तिचाच असायला हवा.

*

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझ्या भावाला धडक देणारा दारू प्यायलेला होता. शिक्षा झाली, भोगून सुटला. मला पत्ता मिळाला आणि मी गेलो. खिशात काही नव्हतं, पण गेलो. या सिनेमांचा शेवट मला तोंडपाठ होता: पाऊस, समोरासमोर, "ओळखलंस का मला?" आणि खलनायकाच्या डोळ्यांत उतरणारी ओळख. त्या ओळखीसाठीच सगळा खटाटोप असतो.

पाऊस नव्हता. तो घरातून बाहेर आला, माझ्या आठवणीतल्यापेक्षा बुटका. खटल्याच्या वेळी मी त्याच्यापासून दहा फुटांवर बसायचो. त्यानं एक जुनी, दुसऱ्या कुणाची तरी गाडी सुरू करायचा प्रयत्न केला, ती होईना. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, जरा धक्का मारता का?"

मी मारला. गाडी सुरू झाली. त्यानं हात दाखवला आणि गेला.

मी ते का केलं हे मला माहीत नाही. क्षमा नक्की नव्हती. घरी येऊन मी हात धूत बसलो. त्यानंतर सूडपट पाहिलेला नाही, आणि हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.

*

धागा मी काढला होता, म्हणून परत लिहिते. सगळं वाचलं, काही दोनदा. धक्का मारणाऱ्या दादांना काय लिहावं ते सुचत नाही, पण तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

बहिणीबद्दल लिहिणाऱ्या ताईंचं मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग विचारलं, "बाबा, तुमच्या त्या सिनेमातल्या बायकोचं नाव काय हो?" ते गप्प झाले. एवढ्या वेळा पाहूनही आठवेना. म्हणाले, "लाव बरं."

आम्ही लावला. ती हसते, खिडकी उघडते, नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावून देते. ती पडल्यावर तो ओरडतो, पण नुसताच ओरडतो. बाबांनी मागे घ्यायला लावलं. पुन्हा पाहिलं. तिला कुणी नावानं हाकच मारत नाही.

पेटीचं दृश्य जवळ आलं तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी रिमोट घेतला आणि बंद केलं. "तुझ्या आईला शर्टाची बटणं कधी लावता आली नाहीत," ते म्हणाले, "सुई घेतली की बोटात घुसायची. मीच लावायचो." मग त्या रात्री आम्ही बराच वेळ बसलो होतो.