विलीनीकरणात वैमानिकाची ज्येष्ठता: फक्त रुजू झाल्याची तारीख बघावी का?

नभांगण
२००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण कागदावर. वैमानिकांच्या दोन संघटना, दोन पगाररचना, दोन ज्येष्ठता याद्या पुढची कितीतरी वर्षं तशाच राहिल्या. शेवटी मे २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले आणि ते आंदोलन ५८ दिवस चाललं. त्यांना तेव्हा सगळ्यांनी लाडावलेले म्हणून झोडपलं. माझं मत वेगळं आहे. त्यांची मूळ तक्रार खरी होती.

को-पायलटचा कॅप्टन होतो तो जागा रिकामी झाली की, यादीतल्या क्रमानं. देशांतर्गत कंपनीकडे, म्हणजे इंडियन एअरलाइन्सकडे, लहान विमानं जास्त, म्हणून कमांड, म्हणजे कॅप्टनपद, लवकर. लांब पल्ल्याच्या एअर इंडियात विमानं कमी, शिवाय एकेका उड्डाणावर तीन-चार वैमानिक लागतात, त्यामुळे को-पायलटच्या उजव्या सीटवर बसून वाट बघणारे पुष्कळ. म्हणजे एकाच वर्षी लागलेले दोघे, एक कॅप्टन झालेला आणि दुसरा अजून को-पायलट. एअर इंडियाच्या मुलांची आशा होती ती ड्रीमलायनर या बोइंगच्या नव्या लांब पल्ल्याच्या विमानावर. २७ विमानांची मागणी विलीनीकरणाच्या आधी एअर इंडियानं नोंदवली होती. ती विमानं यायच्या सुमाराला ठरलं की प्रशिक्षण दोन्हीकडच्यांना. तिकडे एअरबसवरची कमांड ज्यांना आधीच मिळून गेली, त्यांच्याशी इकडेही वाटणी! नुसती तारीख लावली तर हा अन्याय कायमचा पक्का होतो.

गणेश_नांदेड
पूर्ण असहमत. विमानं कुठल्या संघटनेच्या मालकीची नव्हती, सरकारी कंपनीची होती. एप्रिल २०१२ मध्ये सरकारनं या कंपनीला सुमारे ३०,००० कोटींचं भांडवल टप्प्याटप्प्यानं द्यायचं ठरवलं आणि पुढच्याच महिन्यात हे आजारपणाच्या रजा टाकून घरी बसले. उन्हाळी सुट्ट्यांत लोकांची तिकिटं रद्द झाली. दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई केली तरी ऐकलं नाही.

आणि तारखेला पर्याय काय? आमच्याकडे मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबाद होती, २०१७ मध्ये स्टेट बँकेत गेली. लोक कुरकुरले, पण कामाला लागले. तारीख कुणाला खोटी करता येत नाही. "माझी अपेक्षा काय होती" हे मोजायला लागलात तर प्रत्येकाची अपेक्षा वेगळी निघेल.

मुक्ता
नभांगण, तुम्ही एकच बाजू मांडलीत. २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडचे वैमानिकही दहा दिवस संपावर होते, ते का? कंपनी एक, गणवेश एक, मग पगार दोन का, एवढाच त्यांचा सवाल होता. पगाराच्या वेळी "आम्ही वेगळे" आणि तोट्याच्या वेळी "आपण एक" असं त्यांना वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. ड्रीमलायनर "आमचं" म्हणणाऱ्यांनी पगारातली बरोबरी मनापासून मान्य केली असती, तर मला त्यांच्याबद्दल जास्त वाटलं असतं.

नभांगण
मुक्ताताई, पगाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो २००७ मध्येच मिटायला हवा होता. दोन्हीकडच्या पगार-बढतीचा मेळ घालायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली २०११ मध्ये आणि अहवाल आला जानेवारी २०१२ मध्ये. चार वर्षं माणसं एकमेकांकडे संशयानं बघत राहिली, त्यानंतर अहवाल. उशिराचा दोष वैमानिकांच्या माथी कसा मारायचा?

गणेशराव, बँकेचं उदाहरण इथे बसत नाही. अधिकाऱ्याचा स्केल टिकतो, शाखा बदलते. वैमानिकाच्या यादीतल्या क्रमांकावर विमान कुठलं, कमांड कधी, उड्डाणं जिथून सुरू होतात तो तळ कुठला, हे सगळं ठरतं. चार वर्षं उशिरा मिळालेली कमांड निवृत्तीपर्यंत भरून निघत नाही.

उजवी_सीट
मी या व्यवसायातून निवृत्त झालो. माझ्या वाट्याला आलेलं विलीनीकरण दुसरं, कंपनीचं नाव लिहीत नाही. पण जे झालं ते सांगतो, कारण इथे चर्चा यादीवर चालली आहे आणि यादीखालच्या माणसावर कमी.

आमच्याकडे तारखेनं यादी लागली आणि समोरच्या कंपनीतली बरीच मंडळी माझ्या वर आली. कायद्यानं बरोबर असेल. माझी कमांड लांबली, मुंबईचा तळ गेला. पत्नीची नोकरी आणि मुलीची दहावी मुंबईत, मी दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत. सगळ्यात वाईट गोष्ट कॉकपिटमध्ये घडली. शेजारी बसलेला कॅप्टन माणूस म्हणून चांगला होता, पण तो "तिकडचा" होता. आमचं बोलणं चेकलिस्टपुरतं उरलं. दोन वैमानिकांनी एकमेकांची चूक मोकळेपणानं दाखवावी यावर सगळं सुरक्षित उड्डाण उभं आहे. व्यवस्थापनानं यादीचा विचार करताना या गोष्टीचा विचार केल्याचं मला कधी दिसलं नाही.

म्हणून मला वाटतं, यादी बाहेरच्या त्रयस्थ लवादानं करावी आणि ती दोघांवर बंधनकारक असावी.

फिनिक्सकर
कॅप्टनसाहेब, मनापासून आदर आहे, पण लवादानं प्रश्न सुटतोच असं नाही. मी राहतो ते अमेरिकेतलं फिनिक्स हे अमेरिका वेस्ट या विमान कंपनीचं गाव. २००५ मध्ये ती ("वेस्ट") आणि यूएस एअरवेज ही दुसरी कंपनी एक झाल्या. यूएस एअरवेजचे, म्हणजे "ईस्ट"चे, हजाराहून जास्त वैमानिक तेव्हा कामावरून कमी केलेले होते. जॉर्ज निकोलाऊ हे लवाद होते, त्यांचा निवाडा २००७ मध्ये आला. मोठी विमानं उडवणारे ईस्टचे सुमारे ५०० ज्येष्ठ सर्वांत वर, मधले दोन्हीकडचे प्रमाणात मिसळलेले आणि कामावरून कमी केलेले सगळे तळाला. तर्क असा की बुडत्या कंपनीत घरी बसलेल्याला विलीनीकरणानं नोकरी आयती मिळू नये. पण त्यात ईस्टची १६-१७ वर्षं नोकरी झालेली माणसं वेस्टच्या नव्यानं लागलेल्यांच्या आसपास आली.

ईस्टची संख्या जास्त होती. त्यांनी जुनी संघटनाच मतदानानं हटवली आणि २००८ मध्ये तारखेचा आग्रह धरणारी नवी आणली. बंधनकारक निवाडा पडून राहिला, वेस्टवाले कोर्टात गेले. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी पुन्हा विलीनीकरण झालं आणि सगळ्यांची एक यादी लागली ती २०१६ मध्ये.

उजवी_सीट
हे वाचून वाईट वाटलं, पण माझं मत बदललं नाही. तिथे निदान अशा याद्यांसाठी कायदा तरी आला ना?

फिनिक्सकर
हो, २००७ अखेरीस. २००१ मध्ये अमेरिकननं टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली आणि तिकडच्या निम्म्याहून जास्त वैमानिकांना यादीच्या शेपटाला चिकटवलं. ते पुन्हा होऊ नये म्हणून. याद्या न्याय्य पद्धतीनं एकत्र कराव्यात, न जमलं तर लवाद, असं त्यात आहे. भारतात वैमानिकांच्या यादीसाठी असा कायदा नाही.

गणेश_नांदेड
इतकं असह्य असेल तर दुसऱ्या कंपनीत जावं. वैमानिकांना मागणी आहे.

मुक्ता
गणेशदादा, जायचं म्हणजे किती सोपं वाटतं? २०१७ च्या नियमानं कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि को-पायलट नव्या कंपनीत गेला की यादीच्या तळापासून सुरुवात.

मी अजूनही तारखेच्या बाजूची आहे, पण एक अट घालून: आधीच कॅप्टन असलेल्याची कमांड जाऊ नये आणि विलीनीकरणाआधी मागवलेल्या विमानांवर काही वर्षं त्या बाजूच्या को-पायलटांना पहिली संधी मिळावी.

नभांगण
ताई, ही अट घातलीत तर आपल्यात भांडण फारसं उरत नाही. २०१२ मध्ये हीच अट कुणी टेबलावर ठेवली असती तर!

माझी चिंता पुढची आहे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विस्तारानं रोजची सुमारे १० टक्के उड्डाणं कमी केली होती. वैमानिक नाराज होते, कारण नव्या करारात पगाराची हमी असलेले महिन्याचे उड्डाणाचे तास ७० वरून ४० वर आले होते. म्हणजे पुन्हा तेच, कंपन्या आधी जोडायच्या आणि माणसांच्या अटी मागाहून कळवायच्या. कंपन्या एक करण्याची परवानगी मागतानाच एकत्रित ज्येष्ठता यादीचा मसुदा जोडणं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सक्तीचं करावं आणि हरकतींसाठी मुदत द्यावी.

गणेश_नांदेड
मसुदा आधी जाहीर करण्याला माझा पाठिंबा. संपाला नाही, तो आजही नाही. आणि मसुद्यात पहिला निकष तारीखच असावा, बाकीच्या सवलती त्यानंतर.