जहाजांचा धूर गेला आणि म्हणे पृथ्वी तापली!

निरभ्र :
दोन दिवसांत एकच मजकूर चार जणांनी पाठवला. त्यातला चौथा माझा मेहुणा, म्हणून हा धागा. मजकूर असा : ‘जहाजांचं इंधन स्वच्छ केलं आणि त्यामुळेच पृथ्वी तापली, शास्त्रज्ञांचीच कबुली! मग इतकी वर्षं धूर कमी करा म्हणून कशाला ओरडत होते?’ खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग.

वैताग याचा की हे अर्धं खरं आहे. धडधडीत खोटं असतं तर एका ओळीत संपवलं असतं. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. गंधकाच्या धुरातून बारीक कण तयार होतात आणि त्यांच्यावर बाष्प जमून ढगांचे थेंब बनतात. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त आणि बारीक थेंबांत वाटलं जातं. ढग अधिक पांढरा होतो, ऊन परत फेकतो. ढगांचे अभ्यासक ट्वूमी यांनी हे १९७०च्या दशकातच मांडलं होतं. उपग्रहाच्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांमध्ये जहाजांमागे पांढऱ्या रेघा दिसायच्या त्या याच. २०२० नंतर त्या विरळ झाल्या.

इथवर मेहुणा बरोबर. पण धूर उष्णता घालवत नव्हता, झाकत होता. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१च्या अहवालातला हिशेब बघा : २०१०-१९ या दशकापर्यंत हरितगृह वायूंनी सुमारे १.५ अंश वाढवले, धुरातल्या कणांनी वगैरे सुमारे ०.४ अंश झाकले, म्हणून आपल्याला १.१च्या आसपास जाणवले. हा वजाबाकीचा आकडा अहवालात छापलेला असताना ‘कबुली’ कसली? शिवाय हे कण हवेत जेमतेम आठवडाभर टिकतात, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं. म्हणजे सावली रोज नव्याने धरायची, आणि खाली शेगडीत रोज कोळसे वाढतच राहणार.

खडूस काका :
व्याख्यानाबद्दल आभार. एकच विचारतो. हे सगळं आधीपासून माहीत होतं, तर सामान्य माणसाला कधी सांगितलं? तापमानाचा विक्रम मोडला की मागाहून कारणं सापडतात. कधी एल निन्यो, कधी पाण्यातला ज्वालामुखी, आता जहाजं. आणि माझ्या लहानपणी हीच मंडळी हिमयुग येणार म्हणून घाबरवत होती. मुखपृष्ठावर बर्फ असलेलं मासिक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, कुणाचं ऐकून सांगत नाही.

निरभ्र :
काका, मासिक पाहिलंत, शोधनिबंध नाहीत. १९६५ ते ७९ मधले निबंध कुणीतरी बसून मोजले, २००८ साली छापूनही आले. थंडी वाढेल म्हणणारे ७, उष्णता वाढेल म्हणणारे ४४. आणि थंडीवाल्यांची भीती कशावर उभी होती? याच धुरावर! म्हणजे ‘कधी सांगितलं’ याचं उत्तर तुमच्या त्या मासिकातच होतं, फक्त मुखपृष्ठ उलटायचं राहिलं.

खडूस काका :
उद्धटपणा नको. मी मासिक आतूनही वाचलं होतं.

इंजिनरूम :
बावीस वर्षं जहाजावर काढली, त्यातली शेवटची काही सेकंड इंजिनियर म्हणून, तेव्हा माझेही दोन पैसे. तुम्ही ज्याला इंधन म्हणताय ते जुनं हेवी ऑइल गार असताना डांबरासारखं असतं. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जातच नाही. फनेल, म्हणजे जहाजाची चिमणी, साफ करायची पाळी आली की आठवडाभर कानातून काळं निघायचं. पांढरा बॉयलरसूट घेऊन येणारा नवा पोरगा दिसला की आम्ही हसायचो. तो वास अजून नाकात आहे, आणि इथे कुणीतरी त्याला ‘सावली’ म्हणतंय!

एक गोष्ट मात्र या मजकुरातही नाही आणि निरभ्र यांच्या उत्तरातही नाही. ०.५चा नियम आला तेव्हा कितीतरी मालकांनी स्वच्छ तेल घेतलंच नाही. चिमणीत स्क्रबर बसवला. समुद्राचं पाणी धुरावर फवारायचं, गंधक त्या पाण्यात उतरवायचं आणि ते पाणी सरळ समुद्रात सोडायचं. नियमात बसतं. मी स्वतः त्या व्हॉल्व्हपाशी उभा राहून ते सोडलंय. हवा स्वच्छ झाल्याचा दाखला त्याच दिवशी भिंतीवर लागला.

निरभ्र :
हे माझ्याकडून राहिलं, मान्य. काही बंदरांनी असलं पाणी सोडायला बंदी घातली आहे, पण भर समुद्रात बघायला कोण जातंय.

हिरवाई :
एवढी डोकेफोड कशाला? झाडं लावा! गंधक, स्क्रबर, ढग... सगळे आपले विद्वत्ता पाजळतात, हातात कुदळ घ्यायला कुणी तयार नाही. मी निवृत्तीनंतर दर रविवारी जाते. एकेका रोपाला हाताने पाणी घातलंय. किती जणांनी घातलंय इथे?

पाटीपेन्सिल :
ताई, राग मानू नका, पण ‘झाडं लावा’ ऐकलं की माझं डोकं उठतं. २०१९मध्ये गाजलेला निबंध आठवतो? ९० कोटी हेक्टरांवर झाडं वाढवली तर २०५ अब्ज टन कार्बन शोषला जाईल, हा सर्वांत प्रभावी उपाय. लगेच सगळे धावत सुटले. मग आक्षेप आले : गवताळ प्रदेश रिकामी जागा म्हणून मोजलेत, जमिनीत आधीच असलेला कार्बन धरलेला नाही. २०२०मध्ये लेखकांना दुरुस्ती छापावी लागली. ती किती जणांनी पुढे पाठवली?

शिवाय ऊन परत फेकण्याचा जो मुद्दा ढगांना लागू आहे तोच झाडांना. उत्तरेकडे बर्फाच्या पांढऱ्या जमिनीवर गडद सूचिपर्णी जंगल उभं केलं तर ते ऊन शोषतं. कार्बन शोषल्याचा फायदा तिथे बराचसा वाया जाऊ शकतो.

हिरवाई :
म्हणजे आता झाडंही वाईट! धन्य आहे. अशी वाक्यं वाचूनच लोक करवती काढतात.

पाटीपेन्सिल :
झाडं वाईट कोण म्हणालं? चुकीच्या जागी लावलेली झाडं, एवढंच म्हटलं. आमच्या शाळेने एका गवताळ उतारावर दोनशे रोपं लावली होती. मीच मुलांना रांगेत उभं करून फोटो काढला. तीन वर्षांनी गेलो तेव्हा रोपं नव्हती, नुसते लोखंडी पिंजरे. एका पिंजऱ्यात पाटी तेवढी शाबूत होती, माझ्याच अक्षरात एका मुलीचं नाव. खड्ड्यांसाठी उपटलेलं गवत परत आलं नव्हतं, आणि त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षीही. त्याच रविवारी पलीकडे जुनं जंगल तुटत होतं, तिकडे आम्ही बघितलंही नाही, कारण तिथे फोटोसाठी रोप नव्हतं.

हिरवाई :
तुमची रोपं मेली कारण तुम्ही फोटो काढून घरी गेलात. माझी जगली आहेत. त्याचा दोष झाडांवर ढकलू नका.

पाटीपेन्सिल :
...हे लागलं. बरोबर आहे तुमचं, आम्ही परत गेलो नाही. पण जीवाश्म इंधनातून दरवर्षी ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो तुमच्या रविवारांना ऐकणार नाही.

हिरवाई :
मी कुठे म्हटलं ऐकेल? तुम्हीच आकडा आणलात. मी पाणी घालायला निघाले.

वाचनमात्र :
जहाज झाडावर चढलं. चालू द्या.

खडूस काका :
मूळ मुद्द्यावर येतो, कारण दुसरं कुणी येणार नाही. गंधकाने गार होतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग वर आकाशात गंधक फवारा की! पिनाटूबो ज्वालामुखी १९९१मध्ये गंधक उधळत फुटला तेव्हा जग अर्ध्या अंशाने गार झालं होतं, एवढं आम्हालाही माहीत आहे.

निरभ्र :
झालं होतं, आणि दोन-तीन वर्षांत पहिल्यासारखं झालं. म्हणजे फवारा तर कायमच फवारायचा. मध्येच थांबलात, तर झाकलेली सगळी उष्णता थोड्या वर्षांत एकदम वर येणार. पावसाचं वेळापत्रक बिघडेल ते वेगळं, आणि समुद्राचं पाणी आम्ल होत चाललंय त्याला यातलं काहीच लागू पडत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र देतो, नाइलाजाने. जहाजांच्या नियमाने नेमकं किती तापलं यावर शास्त्रज्ञांत खरोखर वाद आहे. बरेच अंदाज अंशाच्या काही शतांशांचे आहेत, तर हवामानशास्त्रज्ञ हॅन्सन यांचा गट परिणाम कितीतरी मोठा मानतो. २०२३मध्ये खालच्या थरातले ढग घटले आणि पृथ्वीने ऊन विक्रमी कमी परतवलं, असा निबंध डिसेंबर २०२४मध्ये आला. ते ढग धूर गेल्यामुळे घटले, समुद्र तापल्यामुळे, की नुसत्या चढउतारामुळे, याचा निकाल लागायचाय. समुद्र तापल्यामुळे घटत असतील, म्हणजे तापलं म्हणून ढग कमी आणि ढग कमी म्हणून आणखी ताप असं चक्र असेल, तर तुमच्या मासिकातलं हिमयुग मला आनंदाने चाललं असतं.

खडूस काका :
‘निकाल लागायचाय’ हे तीन तासांपूर्वी लिहिलं असतंत तर माझा वेळ वाचला असता. बाकी धूर वाईट, हे मी कधी नाकारलं नव्हतं. मला दमा आहे.

इंजिनरूम :
काका, मग तुम्ही आमच्या फनेलखाली एक रात्र काढायला हवी होती.

निरभ्र :
मेहुण्याला धागा पाठवला. उत्तर आलं : ‘वाचला नाही, पण लांब आहे म्हणजे अभ्यास दिसतोय.’ पाठोपाठ तोच मजकूर पुन्हा, या वेळी लाल अक्षरांत.