मदत हवी आहे: साइन लहरींच्या बेरजेतून पेटी वाजते, ढोल का वाजत नाही?

मंडळी, दिवसा सातपूरला नोकरी, रात्री पायथनमध्ये (संगणकाच्या प्रोग्रामिंगची भाषा) साइन लहरी, म्हणजे एकेकच वारंवारितेचे साधे सूर, मिळवून वाद्यांचे आवाज बनवायचा उद्योग.

पेटी जमली. खर्जाच्या (खालच्या सुराच्या) पट्ट्या बंद ठेवून नुसत्या नर (मधल्या सुराच्या) पट्ट्यांवर काळी एक धरली, रेकॉर्ड केली. स्पेक्ट्रममध्ये (कुठली वारंवारिता किती जोरात आहे त्याचा आलेख) शिखरं कशी शिस्तीत: २७७ हर्ट्झ, ५५४, ८३१, पुढेही पटीतच. त्याच उंचीच्या लहरी मिळवल्या तर घरच्यांनी न सांगता 'पेटी' म्हटलं. फेज (लहर कुठून सुरू होते ते) सगळ्यांचा शून्य ठेवला, तरी कानाला फरक नाही.

मग हाव सुटली. गंगापूर रोडला ढोल पथकाचा सराव चालतो, तिथे टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) एकच ठोका मोबाईलवर घेतला, पान (ढोलाचा ताणलेला पडदा) घुमू दिलं. शिखरं पटीत नाहीतच! दुसरं दीडपटीच्या जरा पुढे. बेरीज करून ऐकलं तर जुन्या फ्रिजची घरघर. (आमच्या नाशिक ढोलाची ही दशा बघवत नाही.)

आवाज साइन लहरींत फोडायच्या फूरियेच्या गणिताप्रमाणे पटी यायला हव्यात ना? की ४०९६ नमुन्यांची विंडो (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) चुकतेय? रेकॉर्डिंग सेकंदाला ४४१०० नमुन्यांचं आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
पटींची अट फक्त आवर्ती आवाजाला, म्हणजे धरून ठेवलेल्या सुराला. ताणलेल्या गोल पडद्याची गुणोत्तरं मुळातच १, १.५९, २.१४, २.३० अशी वाकडी असतात. ढोलात आतली हवा आणि दुसरं पान त्यात आणखी ढवळाढवळ करतात. तबला सुरात लागतो तो शाईमुळे (पानाच्या मधल्या काळ्या लेपामुळे): मधल्या वजनाने वरचे घटक (वरच्या वारंवारितेच्या लहरी) पटींजवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. तुमच्या टिपरूच्या बाजूला शाई कुठली?

घरघरीचं कारण मात्र वेगळं. तुम्ही प्रत्येक लहर एकाच जोराने चालू ठेवली असणार. तबल्याची चाट (काठावरचा ठोका) रेकॉर्ड करून शेवटाकडून उलटी वाजवून ऐका: घटकांची उंची तीच, पण तबला ओळखू येत नाही. कुठला घटक कधी विझतो हेच खरं. प्रत्येकाला विझण्याचा स्वतंत्र उतार द्या, वरच्यांना झपाट्याने. टिपरू लागतानाचा 'टक्' साइनने बनवत बसू नका, १०-१५ मिलिसेकंद गोंगाट मिसळा.

४०९६ म्हणजे ९३ मिलिसेकंद, त्यात ठोका पसरून जातो. ठोक्याला ५१२, घुमण्याला ८१९२ लावा.

धागाकर्ता:
आभार! ५१२ ला ठोका लख्ख सुटा झाला, आणि उतार दिल्यावर घरघर गेली. टिपरू आता टिपरूसारखं वाजतंय. दुसऱ्या बाजूची हाताची थाप मात्र अजून पोकळ येते, मोबाईलचा माइक खालचा आवाज गिळतोय असं दिसतं. नाशकात कोणाकडे बरा माइक असेल तर एका संध्याकाळपुरता मिळेल का? सरावाच्या जागी मी येईन, चहा माझ्याकडून.