टीवायबीए: 'द क्रुसिबल'मधला प्रॉक्टर सही का करत नाही?

ट्रान्सहार्बरवाली:
सेहेचाळिसाव्या वर्षी बीए पूर्ण करतेय, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. नौपाड्यात एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. कोपरखैरणे ते ठाणे जाता-येता गाडीत जेवढं होईल तेवढं वाचन. सध्या आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' चालू आहे. 1692 सालचं सेलम, पोरी किंचाळतात, ही चेटकीण ती चेटकीण म्हणून नावं घेतात आणि कोर्ट माणसं फासावर चढवतं. इथवर कळलं. हमखास येणारा प्रश्न म्हणजे प्रॉक्टर, नाटकाचा नायक, शेवटी जीव का देतो. गाइडात 'स्वाभिमान' आणि 'सचोटी' छापलंय. घरी तीन मुलगे, चौथं बायकोच्या पोटात, चेटूक केल्याची कबुली दिली की फाशी टळणार, आणि ती द्यायला तर तो तयारही झालेला. मग एका सहीसाठी एवढं?

हे मला पटत नाही, म्हणजे खरं तर टोचतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात लिंबू सापडलं. हळदकुंकू लावलेलं, चार टाचण्या खुपसलेल्या. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा डेंग्यूने अ‍ॅडमिट. भाड्याने राहणाऱ्या एक बाई होत्या, एकट्या, डबे करायच्या. पहाटे चारला यांच्याकडे दिवा कशाला लागतो, इथून बोलणं सुरू झालं. मग त्यांना खोली सोडायला लावावी असा अर्ज फिरला. रविवारी दुपारी दारात आले. माझे हात कणकेचे होते, पुसले आणि सही केली. वाचलंसुद्धा नाही. म्हणजे, वाचलं होतं.

उगाचच:
गाइडातलं लिहा आणि पास व्हा. पेपर तपासणाऱ्याला तुमच्या लिंबाशी काय करायचंय?

निवृत्त मास्तर:
ताई, चौथा अंक पुन्हा काढा. प्रॉक्टर सही करतो! कबुलीचा कागद न्यायाधीश डॅनफर्थच्या हातात द्यायची वेळ येते तेव्हा अडतो. कारण तो कागद चर्चच्या दारावर लागणार आहे. तोंडी कबुली सगळ्यांनी ऐकली, देवाने पाहिलं, आता कागद कशाला हवा, असं त्याचं म्हणणं. आपल्या नावाच्या आधाराने रिबेका नर्ससारख्या, खोटं बोलायला नकार दिलेल्या बाईला खोटी ठरवणार, हे त्याला कळतं. म्हणून फाडतो. 'सही का करत नाही' असं लिहिलंत तर तिथेच मार्क जातील.

आणि तिसऱ्या अंकातल्या सह्या विसरू नका. रिबेकाचा नवरा 91 जणांच्या सह्यांचा कागद कोर्टात आणतो, या आरोपी बायका भल्या आहेत असं सांगणारा. डॅनफर्थ त्या 91 जणांनाच चौकशीला बोलवा म्हणतो. म्हातारा कळवळतो, तुम्हाला काही होणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता म्हणतो. वर्गात हा प्रसंग मी नेहमी दोनदा वाचायचो.

तिसरी घंटा:
मास्तरांशी सहमत. आमच्या हौशी ग्रुपने तलावपाळीजवळ एका हॉलमध्ये याचं वाचन केलं होतं, तेव्हा बाहुलीच्या प्रसंगाला अख्खा हॉल गप्प झाला. प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरन कोर्टात बसल्या बसल्या बाहुली शिवते, मालकिणीला, म्हणजे प्रॉक्टरच्या बायकोला, एलिझाबेथला भेट देते, बाहुलीच्या पोटात सुई राहते. किंचाळणाऱ्या पोरींची म्होरकी अ‍ॅबिगेल स्वतःला सुई टोचून घेते आणि बाहुलीवरून एलिझाबेथने चेटूक केलं असं ठरून ती अडकते. तुमच्या टाचण्या वाचून तेच आठवलं.

बाकी, नाटक आणि इतिहास एक समजू नका. खरी अ‍ॅबिगेल 11-12 वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा, नाटकातलं त्या दोघांचं प्रेमप्रकरण मिलरने रचलेलं. कुणालाही जाळलं नाही. 19 जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी या आरोपी म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. आणि 1953 चं हे नाटक आल्यावर 3 वर्षांनी अमेरिकी संसदेच्या समितीने कम्युनिस्ट शोधताना खुद्द मिलरला बोलावून इतरांची नावं विचारली. त्याने दिली नाहीत. 1957 मध्ये दोषी ठरला, 1958 मध्ये अपिलात सुटला. 'शांतता! कोर्ट चालू आहे'शी तुलना मात्र नको, ती निम्मा वर्ग करणार.

ट्रान्सहार्बरवाली:
मास्तर, घणसोली ते ऐरोली उभ्याने वाचलं. खरंच सही करतो. मी दोनदा वाचूनही मला ती दिसली नव्हती.

आमचा अर्जही लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लागला होता. त्यात 'करणी' हा शब्द कुठेच नाही, 'इतर रहिवाशांना त्रास' एवढंच. सचिव हुशार. अमकी बाई करणी करते असं जाहीर करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं, हे त्यांना ठाऊक असणार. त्यांच्या मेव्हण्याला ती खोली हवी होती हे नंतर कळलं. नाटकात तो जमिनीवर टपलेला पुटनम आला तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले.

निवृत्त मास्तर:
त्या पुटनमच्या खऱ्या मुलीचं नाव अ‍ॅन. नाटकात ती रूथ आहे. 1706 मध्ये, म्हणजे 14 वर्षांनी, ती चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली आणि पाद्र्याने तिचा माफीनामा वाचून दाखवला. परीक्षेला उपयोग नाही, सहज सांगितलं.

ट्रान्सहार्बरवाली:
त्या बाई तुर्भ्याला गेल्या असं वॉचमन म्हणाला. नंबर आहे माझ्याकडे, डब्याचा होता.

अर्ज अजून बोर्डावरच आहे, कुणी काढलाच नाही. गेल्या पावसात काचेच्या आत पाणी शिरलं आणि सगळ्या सह्या पसरल्या. माझी बॉलपेनची होती, ती नीट वाचता येते.